मिठागराच्या मातीतला हुकूम

नाशिकहून संध्याकाळी भाजीपाला भरून निघालेली गाडी कसारा घाट उतरते, ठाणे ओलांडते आणि मुंबईत शिरते ती मुलुंडच्या नाक्यावरून. आपल्यापैकी कितीतरी शेतकरी बंधूंनी ड्रायव्हरशेजारी डुलक्या घेत तो नाका पार केला असेल. तिथून डाव्या अंगाला, खाडीच्या बाजूला, मिठागरांची सपाट जमीन आहे. मान वळवून पाहावे असे तिथे काही नाही. ना पीक, ना सावली; नुसती खारट माती. पण श्रोतेहो, मुलुंडच्या मिठागराच्या याच मातीतून एक जंतू निघाला. १९९२ साली त्याची हकिकत जपानहून निघणाऱ्या एका शास्त्रीय मासिकात छापून आली, आणि पुढे कित्येक वर्षे जर्मनीतले शास्त्रज्ञ एकच प्रश्न घेऊन त्याच्या मागे लागले: हा जंतू औषध बनवतो खरा, पण ते कोणाच्या हुकमाने?

मी इतिहास शिकवतो. फर्मान, सनद, शिक्का यांचा आम्हा मंडळींना नाद असतो. हुकूम कोणी काढला, कोणाला पोचला आणि त्याची तामिली झाली की नाही, हे शोधण्यातच आमचे आयुष्य जाते. म्हणून ही जंतूची गोष्ट वाचताना मला परक्या प्रांतात आल्यासारखे वाटले नाही. ती तशीच, इतिहासाच्या अंगाने, आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी मातीची थोडी ओळख करून घेऊ. मृगाचा पहिला पाऊस पडला की ढेकळांतून जो वास सुटतो, त्यात मोठा वाटा मातीतल्या जंतूंचा असतो. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जंतू जिऑस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. हे द्रव्य १९६५ साली वेगळे काढून त्याला नाव दिले गेले. आणि गंमत पाहा, २०२० साली असे दाखवून देण्यात आले की या वासाने मातीतले उड्या मारणारे बारीक किडे जंतूकडे ओढले जातात, त्याला खातात आणि त्याची बीजे अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. म्हणजे वास हा सुद्धा उगाच सुटलेला नाही. मातीत कोणीच काही फुकट करीत नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

औषधाची कथा सुरू होते १९४३ साली, अमेरिकेतल्या रटगर्स येथे. सेल्मन वॅक्समन हे मातीतल्या जंतूंचे गाढे अभ्यासक. त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तरुण विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करीत होता. त्याला त्या ऑक्टोबरात स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीचे दोन वाण सापडले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत, दुसरा एका कोंबडीच्या घशात! त्यांतून निघाले स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर खऱ्या अर्थाने लागू पडलेले पहिले औषध. क्षय झाला की घरातली माणसे आशा सोडीत, ते दिवस ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असतील त्यांना या शोधाची किंमत सांगायला नको. पुढे श्रेयावरून गुरुशिष्यांचे बिनसले. १९५० साली प्रकरण कोर्टात गेले आणि तडजोडीत शॅट्झला सहसंशोधक मानण्यात आले. पण १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांच्याच हाती पडले. खत घातलेल्या शेताचे नाव तर कुठेच आले नाही.

आपल्याकडे हे वारे लवकर पोचले. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे येतात, पण तिथे एक संशोधन विभागही होता, आणि एम. जे. तिरुमलाचार यांच्यासारखे बुरशी आणि जंतू यांचे जाणते तिथे काम करीत होते. त्यांनी पिंपरीचीच माती तपासायला घेतली. त्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसच्या एका वाणाने बुरशी मारणारे द्रव्य दिले. १९६१ साली तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट यांनी ते जाहीर केले. औषधाचे नाव ठेवले हॅमायसिन. त्यातला ‘हॅ’ कारखान्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आला. आणि जंतूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरी गावाचे नाव असे शास्त्राच्या लॅटिन पोथीत जाऊन बसले. १९६४ मध्ये त्याच ठिकाणाहून ऑरिओफंजिन आले; ते पिकांवरच्या बुरशीसाठीही वापरले गेले. मला तरी या कामाचा अभिमान वाटतो. महाराष्ट्रातल्या शाळांतून लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या जातात, त्यांत १९६१ चे हे एक साल बसवायला जागा नसावी हे काही बरे नाही.

तरीपण पिंपरीला काय, अमेरिकेला काय, एक अडचण सगळ्यांनाच छळीत होती. जंतू सापडला म्हणजे औषध हाती आले असे होत नाही. तोच जंतू एका पात्रात भरभरून औषध देतो, दुसऱ्या पात्रात नुसताच वाढतो. चांगला वाण पुन्हा पुन्हा लावीत गेले तर कधी कधी तो औषध द्यायचेच विसरतो. बरे, जंतू जिवंत असतो, खातपीत असतो, दिसायला धडधाकट असतो. पण औषधाचा पत्ता नाही.

घरच्या विरजणाचे उदाहरण घ्या. दुधात विरजण घातले की आतले जंतू झपाट्याने वाढतात. काही तासांनी आंबटपणा इतका होतो की वाढ थांबते. मातीतल्या जंतूंनाही असेच दोन काळ असतात: एक चढतीचा, अन्न मुबलक असण्याचा, आणि दुसरा वाढ थबकल्याचा, अन्न सरत आल्याचा. बहुतेक जंतू औषध बनवतात ते या दुसऱ्या काळात. सुगीत कोणी तटबंदीवर खर्च करीत नाही. धान्य संपत आले आणि शेजारी कोठारावर टपलेले दिसले की मग हत्यारे घासायला काढतात. पण ‘आता वेळ झाली’ हे पेशीला कळते कसे?

याचा पहिला लेखी पुरावा मिळाला मॉस्कोला. १९६७ साली खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या जंतूचा एक बिघडलेला वाण होता. तो ना औषध देई, ना बीजे धरी. चांगल्या वाणाच्या पात्रातले एक द्रव्य त्यांनी या बिघडलेल्या वाणाला चाटवले मात्र, आणि दोन्ही गोष्टी परत आल्या! ते द्रव्य लागले किती, तर जवळजवळ नाहीच म्हणावे इतके; लिटरमागे ग्रॅमचा लाखावा भाग सुद्धा नको. त्याला ए-फॅक्टर असे नाव पडले. ते अन्न नव्हते, विष नव्हते. ती होती निरोपाची चिठ्ठी, जंतूंनी एकमेकांना धाडलेली.

चिठ्ठी वाचतो कोण, हे पुढे टोकियोच्या होरिनोउची आणि बेप्पू यांनी उलगडले. आता जनुक हा शब्द वापरावा लागेल. शिक्षक बंधूंना तो ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. पेशीच्या आत डीएनए नावाचे एक लांबलचक दप्तर असते. त्यात पेशीने काय काय बनवायचे ते लिहिलेले असते. त्यातले एकेक कलम म्हणजे एकेक जनुक. दप्तरात सगळे लिहिलेले असले तरी सगळे एकदम वाचले जात नाही. कुठले कलम केव्हा उघडायचे याची व्यवस्था असते. स्ट्रेप्टोमायसिनच्या जंतूत एका कलमावर एक प्रथिन चौकीदारासारखे ठाण मांडून बसलेले असते आणि ते कलम वाचू देत नाही. जंतूंची दाटी झाली, ए-फॅक्टर पुरेसा साचला, की तो या चौकीदाराला चिकटतो. चौकीदार उठून बाजूला होतो. मग ते कलम वाचले जाते, त्यातून निघालेला कारभारी दुसरे कलम उघडतो, आणि अशी कामाची साखळी चालू होऊन शेवटी औषध बनते. विशेष म्हणजे औषध बनवण्याचा हुकूम ज्या कलमात आहे त्याच्याच जोडीला, एकाच दमात वाचले जाईल असे, स्वतःला त्या औषधापासून वाचवण्याचे कलम लिहिलेले आहे. ढाल बांधल्याशिवाय तलवार उपसायची नाही, असा हा शिरस्ता.

दरम्यान इंग्लंडात डेव्हिड हॉपवुड यांनी स्ट्रेप्टोमायसिसचे सारे दप्तर लावायला घेतले होते. १९८४ साली त्यांनी आणि माल्पार्टिडा यांनी एका निळ्या प्रतिजैविकाची सगळी कलमे एका जागी, एकापुढे एक बांधलेली आहेत हे दाखवले. आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले असतात ना, तसा एका औषधाचा एक रुमाल. २००२ मध्ये त्या जंतूचे संपूर्ण दप्तर वाचून झाले: शहाऐंशी लाखांहून अधिक अक्षरे, सुमारे ७,८०० कलमे, आणि वीसांहून अधिक रुमाल. पन्नास वर्षे हाताळलेल्या जंतूत इतके रुमाल निघतील असे कोणाला वाटले नव्हते, कारण त्यांतल्या थोड्यांचाच माल कधी पाहण्यात आला होता. बाकीचे बांधलेलेच. मोडी वाचता येत नाही म्हणून न उघडलेल्या कागदांची आठवण मला इथे झाली. फरक इतकाच की इथे लिपी कळत होती, हुकूम कळत नव्हता.

आता परत मुलुंडला येऊ. तिथे हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या भारतीय शाखेचे संशोधन केंद्र होते, आणि देशातल्या ठिकठिकाणच्या मातीत नवी औषधे शोधण्याचे काम तिथे चाले. त्या काळी इस्पितळांना एका जंतूने बेजार केले होते. गळू, जखमेतला पू यांना कारण होणारा स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला बधेना, म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन काढले. तर १९६१ मध्येच त्यालाही दाद न देणारे वाण इंग्लंडात आढळले. अशा निगरगट्ट वाणांना डॉक्टर एमआरएसए म्हणतात. मुलुंडच्या मिठागरातल्या मातीत बॅसिलस कुळातला एक जंतू मिळाला, नोंदीत त्याचा क्रमांक पडला एचआयएल वाय-८५,५४७२८, आणि त्याने या एमआरएसएवर चालणारे द्रव्य दिले. म्हणून त्याचे नाव ठेवले मर्सॅसिडिन. १९९२ च्या त्या लेखांवर चॅटर्जी, गांगुली या नावांबरोबर लाड, फणसळकर अशी आपल्याकडची आडनावे आहेत.

मर्सॅसिडिन हे एक लहानसे प्रथिन. अवघे वीस मणी ओवलेली माळ, पण मधेमधे गाठी मारून तिची वेटोळी केलेली. जंतूला आपल्या पेशीभोवती भिंत बांधावी लागते आणि त्या भिंतीच्या विटा आतून बाहेर आणाव्या लागतात. मर्सॅसिडिन ती वीटच धरून ठेवते. भिंत अर्धवट राहते, जंतू मरतो.

पण बनवणाराही जंतूच. त्याच्याही भिंतीला त्याच विटा. मग तो स्वतः कसा मरत नाही?

हा प्रश्न बॉन विद्यापीठातल्या गाब्रिएले बीअरबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धसाला लावला. २००० साली त्यांनी मर्सॅसिडिनचा सगळा रुमाल वाचून काढला: सुमारे १२,३०० अक्षरे, दहा कलमे. एक कलम माळेचे, काही तिला गाठी मारणाऱ्या कारागिरांची, एक ती बाहेर पोचवणाऱ्याचे, तीन पहारा करणाऱ्यांची. आणि उरलेली तीन? ती हुकमाची होती! दहा जणांच्या कारखान्यात तिघे नुसता हुकूम पाहणारे.

२००२ मध्ये त्यांनी एकेक हुकूमदार काढून पाहिला. पहिल्याला काढले, तर औषध बंद झाले. पण पहारा शाबूत राहिला. दुसऱ्या-तिसऱ्यांची जोडी काढली, तर औषध निघतच राहिले, पण पहारा ढासळला आणि जंतू स्वतःच्याच हत्याराला जास्त बळी पडू लागला. ही जोडी कशी काम करते तेही ऐका. एक असतो भिंतीपाशी, बाहेरची चाहूल घेणारा. दुसरा आत, दप्तरापाशी. बाहेरच्याने खूण केली की आतला कलम उघडतो.

शिवाजी महाराजांच्या गडावरची व्यवस्था आपल्याला माहीत आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस. एका गडावर तिघे, कोणा एकट्याच्या हाती गड नाही. आपला रामशेज मोगलांपुढे पाच-सहा वर्षे उभा राहिला तो काही एकट्या किल्लेदाराच्या जिवावर नव्हे. त्या लहानशा जंतूतही दारूखान्याचा अधिकार एकाकडे आणि तटाचा दुसऱ्याकडे. अर्थात जंतूला राजनीती कळत नाही. ज्यांच्यात अशी वाटणी नव्हती ते आपल्याच दारूने उडून गेले असतील, उरले ते असे, इतकेच त्यात आहे.

२००६ साली आणखी एक गोष्ट समोर आली. अजून चढतीच्या काळात असलेल्या जंतूंना बाहेरून थोडे तयार मर्सॅसिडिन दिले, तर ते नेहमीपेक्षा लवकर औषध बनवू लागले. म्हणजे जे हत्यार तेच फर्मान. पेटलेल्या पलित्याने पुढचा पलिता पेटवावा, तसे. रशियन जंतूची चिठ्ठी वेगळी आणि हत्यार वेगळे होते. मुलुंडच्या जंतूने दोन्ही कामे एकाच मालावर भागवली.

इथे एक आडगोष्ट सांगायला हवी. माती मुलुंडची, शोध मुलुंडचा, पण हुकमाचे वाचन झाले बॉनमध्ये, कारण कंपनी तिकडची, वाण तिकडे पोचलेला. त्यात लबाडी होती असे नाही. त्या काळी मातीतला जंतू कोणाच्या मालकीचा हा प्रश्नच कायद्यापुढे नव्हता. ज्या १९९२ मध्ये मर्सॅसिडिनचे लेख छापले गेले, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये रिओ येथे जैवविविधतेचा करार सह्यांसाठी मांडला गेला आणि प्रत्येक देशाचा आपल्या जीवसंपत्तीवर हक्क मानला गेला. आपला जैवविविधता कायदा झाला २००२ मध्ये. नेमक्या त्याच साली बॉनला पहाऱ्याचे कोडे सुटले होते. मर्सॅसिडिनने २००४ मध्ये उंदरांच्या नाकातले एमआरएसए घालवून दाखवले, पण माणसांसाठीचे औषध म्हणून ते दुकानात आलेले नाही.

आता हे सगळे आपल्या बांधावर आणतो. आपल्या कसमादे पट्ट्यात, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागांत, डाळिंबावरच्या तेल्याने किती बागा काढायला लावल्या हे मी सांगायला नको. फळावर तेलकट डाग पडतो, फळ तडकते, वर्षाचे पैसे जातात. हा रोग जंतूचा. त्यावर फवारणीसाठी वर्षानुवर्षे जी पुडी वापरली गेली, ती स्ट्रेप्टोसायक्लिन: नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लिन. म्हणजे शॅट्झला शेणखताच्या मातीत सापडलेले क्षयाचे औषध, पिंपरीच्या कारखान्यातून पुडीत भरून, आपल्या डाळिंबावर! डोळ्यांदेखत बाग जाताना शेतकऱ्याने हाताला आली ती पुडी मारली, त्याला मी दोष देणार नाही. पण जंतूने हे औषध कसे वापरले आणि आपण कसे, यातला फरक पाहा. त्याने ते दाटी झाल्यावर, अन्न संपत आल्यावर, हुकूम आल्यावर, आपल्यापुरते आणि आधी ढाल बांधून काढले. आपण पंपाने फवारतो.

आणि ढालीचे कलम जागच्या जागी राहत नाही, ही खरी काळजीची गोष्ट. १९७३ साली बेनव्हनिस्ट आणि डेव्हिस यांनी दाखवले की इस्पितळातले निगरगट्ट जंतू औषध निकामी करण्यासाठी जी युक्ती वापरतात, तसलीच युक्ती औषध बनवणाऱ्या मातीतल्या जंतूंजवळ स्वसंरक्षणासाठी आहे. जंतू आपापसांत कलमांच्या नकला देतात-घेतात. औषध सतत पडत राहिले की ज्याच्याजवळ नक्कल आहे तोच टिकतो आणि वाढतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, त्याच्या मागे हीच चिंता होती. माणसाच्या क्षयावर लागणारे औषध झाडावर खर्ची पडू नये, हा त्याचा अर्थ.

मुलुंडच्या जंतूचे भाऊबंद मात्र आपल्या शेतात आधीपासून आहेत. कृषी सेवा केंद्रात बॅसिलसच्या जैविक पुड्या मिळतात, द्राक्षबागायतदारांना त्या परिचयाच्या आहेत. जर्मनीतल्या बीटच्या शेतातून काढलेला असाच एक बॅसिलस, एफझेडबी-४२, पिकाच्या मुळांना मदत करतो म्हणून जगभर नावाजला. २००७ मध्ये त्याचे संपूर्ण दप्तर वाचले, तेव्हा त्यात मर्सॅसिडिनच्या रुमालाचा तुकडा सापडला. माळेचे कलम नाही, कारागिरांची नाहीत. आहेत ती फक्त पहाऱ्याची तीन आणि पहाऱ्याला हुकूम देणाऱ्या जोडीची दोन. दारूखाना नाही, पण तट आणि तटावरचा पहारा जागेवर. शेजारी कोणी मर्सॅसिडिन काढलेच, तर हा बहुधा त्यातून तगून जात असावा. २०११ साली बॉनच्याच मंडळींनी मुलुंडच्या जंतूतली उरलेली कलमे त्याच्या दप्तरात नेऊन बांधली, आणि त्या बीटच्या शेतातल्या जंतूने मुलुंडच्या मिठागरातले औषध बनवायला सुरुवात केली.